तळटीप : चाप हलका करणे

* बोल्ट-ॲक्शन रायफलीचा चाप कारखान्यातूनच मुद्दाम जड येतो. धक्क्याने बार उडू नये म्हणून. पण बोटाचा जोर वाढला की नळी हलते आणि नेम चुकतो. म्हणून नेमबाज स्प्रिंगचा ताण कमी करून घेतात, फायरिंग पिन अडवणाऱ्या सिअरची कड गुळगुळीत करून घेतात किंवा अख्खा चापच बदलतात. ही कड प्रमाणाबाहेर घासली, तर बोल्ट नुसता आपटला तरी गोळी सुटते. धोका खरा आहे. स्पर्धेत चाप किती हलका चालेल, हे मात्र प्रकारानुसार ठरते. कांबळवाडीच्या (जि. कोल्हापूर) स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात चाप ओढण्याच्या किमान वजनाची अट नाही. ३०० मीटर स्टँडर्ड रायफलीला मात्र १५०० ग्रॅमची आहे. वाचकांनी चाप हलका करण्याचा उद्योग घरी करू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदूक दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. — संपा.