दांताचें मूळ आणि हाडाचें सख्य

सोलापुरांत सात रस्त्याच्या बाजूस एखाद्या दुकानीं टॉवेल हातीं घेतला, तर त्यावरील धाग्यांचे वेढे बोटांस लागतात. गुळगुळीत कापडाहून अधिक पाणी टिपलें जातें, तें या वेढ्यांमुळेंच. पृष्ठभागाचें हें माहात्म्य कृत्रिम दांताच्या इतिहासांतहि दिसून येतें.

१९५२ सालीं स्वीडनमध्यें पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडांतील रक्ताभिसरण पाहत होते. तेथें बसविलेली टायटॅनियमची नळी हाडास इतकी जडली कीं, ती निघेना. १९६५ सालीं त्यांनीं योस्टा लार्सन यांच्या जबड्यांत याच धातूचे स्क्रू बसविले. ते लार्सन यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २००६ पर्यंत, टिकले.

हे स्क्रू लेथवर कातलेले, बरेचसे गुळगुळीत असत. ते रुजेपर्यंत खालच्या जबड्यांत सुमारें ३ व वरच्या जबड्यांत ६ महिने थांबावें लागे. कारण स्क्रू प्रथम केवळ आट्यांच्या पकडीनें स्थिर असतो. पुढें भोंवतालचें जुनें हाड झिजतें व नवें येऊं लागतें. या संधिकाळांत स्थैर्य सर्वांत कमी असतें. १९९१ सालीं स्वित्झर्लंडमधील डॅनिएल बूझर व सहकाऱ्यांनीं लहान जातीच्या डुकरांवर प्रयोग करून दाखविलें कीं, वाळूच्या माऱ्यानें व आम्लानें खरबरीत केलेल्या धातूस हाड अधिक बिलगतें. पुढें योग्य रुग्णांत ही प्रतीक्षा सुमारें ६ आठवड्यांवर आली.

मात्र हाच खरबरीतपणा हिरडीबाहेर उघडा पडला, तर जंतूंचा आसरा ठरतो. टॉवेल पाणी धरतो, तसा मळहि धरतो! शास्त्रानें प्रतीक्षा कमी केली; रोजचें दंतमार्जन मात्र माफ केलेलें नाहीं.