गुडघेदुखी आणि माथेरानची वाट

आपल्याकडे गुडघेदुखीचं दुखणं घरोघरी आहे. मशिदीत मागच्या रांगेत खुर्च्या वाढत चालल्या आहेत. सजद्यात गेलं की उठवत नाही, म्हणून अनेक बुजुर्ग आता खुर्चीवरच नमाज अदा करतात. शरीअतने ही सवलत दिलेली आहे आणि ती घेण्यात कुणाला संकोच वाटत नाही. पण घरच्यांनी एका रात्रीच्या मुक्कामाला कुठे जायचं ठरवलं की हीच मंडळी म्हणतात, "तुम्ही जाऊन या, आमचं काही खरं नाही." त्यात ठिकाण माथेरान असेल तर विचारायलाच नको.

माथेरान हे रायगडच्या कर्जत तालुक्यातलं गाव. तिथे रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर मोटारीला बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पुढे बाजारपेठेपर्यंत सुमारे अडीच-तीन किलोमीटर लाल मातीची चढउताराची वाट आहे. धडधाकट माणसाला ती मौजेची वाटते. सांध्यातली कूर्चा झिजलेल्या माणसाला मात्र प्रत्येक पाऊल मोजून टाकावं लागतं. चढताना दम लागतो, पण गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना होते, कारण तेव्हा शरीराचा भार सांध्यावरच आदळतो.

मग ज्यांना चालवत नाही, ती माणसं आजवर इथले डोंगर कशी चढली? आपल्या भागाचा जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास या प्रश्नात दडला आहे.

सुरुवात शेजारच्या खालापूर तालुक्यातून करू. 1830 मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता झाला. 1856 मध्ये रेल्वे घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोचली, पण घाटातला लोहमार्ग व्हायला 1863 साल उजाडलं. मधली सात वर्षं पुण्याकडे जाणारा प्रवासी खोपोलीला उतरे आणि खंडाळ्यापर्यंतची चढण बैलगाडीतून, तट्टावरून किंवा पालखीतून पार करी. ऐपत असलेल्या म्हाताऱ्या माणसाला पालखी सोयीची होती. ती खांद्यावर घेऊन घाट चढणाऱ्या भोयांच्या गुडघ्यांचं काय झालं, याची नोंद ठेवण्याची गरज कुणाला वाटली नाही. पुढे रेल्वेने ही पालखी बंद केली, पण तो लोहमार्ग बांधताना कॉलरा आणि अपघातांनी हजारो मजूर दगावले.

माथेरानची गोष्ट वेगळी नव्हती. 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर गेला आणि पुढे साहेबांचं थंड हवेचं ठिकाण वसलं. नेरळहून वर जायला घोडा होता, पालखी होती आणि माणसांनी उचलून न्यायची खुर्चीही होती. पैसेवाल्याचे गुडघे वाचत होते आणि गरिबाचे झिजत होते.

हा हिशेब ज्यांनी बदलला त्यात एक मुस्लिम नाव आहे: अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय. त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले नामांकित दाऊदी बोहरा व्यापारी. लष्कराला तंबू पुरवून त्यांनी दौलत कमावली. 1907 च्या कराचीतल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. अब्दुल हुसेन यांनी 1904 मध्ये नेरळ-माथेरान रेल्वेचं काम सुरू केलं आणि 1907 मध्ये गाडी धावू लागली. खर्च सुमारे सोळा लाख रुपये, रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट आणि वीस फुटांमागे एक फूट अशी काही ठिकाणची चढण. आज ती 'टॉय ट्रेन' म्हणून लहान मुलांच्या कौतुकाची झाली आहे. पण माणसाच्या खांद्याऐवजी वाफेच्या जोरावर म्हातारी माणसं डोंगर चढू लागली, हे तिचं मोठं काम आहे.

तरी प्रश्न पुरता सुटला नाही. गाडीच्या फेऱ्या मोजक्या. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद. 2005 च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि तो पुन्हा सुरू व्हायला 2007 उजाडलं. अमन लॉज ते माथेरान शटल आहे, पण ती चुकली की वर्षानुवर्षं उरायचा घोडा किंवा हातरिक्षा. दुखऱ्या गुडघ्याने घोड्यावर चढणं-उतरणं हीच एक शिक्षा. त्यामुळे आजी-आजोबा हातरिक्षात बसायचे आणि एक माणूस पुढून ओढायचा, एक मागून ढकलायचा. बसणाऱ्यालाही यात सुख नसायचं. अनेकांची मान खाली असायची.

2003 मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ठरलं आणि मोटारबंदी आणखी पक्की झाली. धूर नको हे बरोबरच होतं, पण त्या शुद्ध हवेची किंमत रिक्षा ओढणारा आपल्या फुप्फुसांनी आणि सांध्यांनी मोजत राहिला. 94 परवानाधारक हातरिक्षांच्या या प्रश्नावर लढा कोर्टात गेला. डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. घोडेवाल्यांनी पोटापाण्याच्या भीतीने विरोध केला, आणि ती भीती खोटी म्हणता येणार नाही. अखेर ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, ओढणाऱ्यांचं पुनर्वसन करा, गुजरातेतल्या केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षांची योजना आखा आणि पैसा नाही ही सबब सांगू नका.

या निकालाकडे रिक्षा ओढणाऱ्यांचा विजय म्हणून पाहिलं गेलं, ते योग्यच आहे. पण हा विजय गुडघे धरून घरी बसणाऱ्यांचाही आहे. बुजुर्गांचा फिरण्याचा हक्क आणि मजुराची इज्जत यांत भांडण आहे असं आपण उगाच मानत आलो. खरी उणीव यंत्राची आणि ते देण्याच्या नियतीची होती. म्हणून ई-रिक्षांच्या चाव्या बाहेरच्या ठेकेदाराकडे न जाता रिक्षा ओढणाऱ्यांच्याच हाती पडतात की नाही, यावर नजर ठेवायला हवी. घोडेवाल्यांच्या रोजगाराचाही विचार व्हायला हवा.

आणि पुढच्या वेळी घरचे माथेरानला निघाले, तर नानी-दादीला मागे ठेवू नका. शटलची वेळ आधी विचारा, सोबत काठी घ्या, उतरण्याची घाई करू नका. डोंगर त्यांचाही आहे.