बुडालेल्या गावांच्या ओव्या

स्मरणिकेसाठी काही लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास लिहावा तो विद्वानांनी. पण बायकांनी जात्यावर जो इतिहास राखला, त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

पुणे जिल्ह्यातील मुळशी भागात नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी मावळ्यांची आंबेमोहराची खाचरे, घरेदारे, देवळे पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. त्यात बायकाही होत्या. पांडुरंग महादेव बापट यांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. १९२४ च्या अखेरीस लढा संपला. धरण झाले, पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याला उतरले आणि वीज झाली.

माझ्या आजेसासूबाईंच्या आईचे माहेर त्या पाण्यात गेले. भाऊ पोटासाठी पांगले. भाऊबीजेला जायचे कोठे? सरकारी कागदात जमिनीचा आकडा असतो, माहेराचा नसतो. त्या माउलीने मग आपल्या गावाची वाट ओव्यांत घातली: अमुक ओढा, अमुक आंबा, वेशीवरचा मारुती. आजेसासूबाईंनी ते गाव डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. तरी घरच्या लग्नात हळद दळताना त्या ओवीतून त्या वाटेने बिनचूक जात. गाव तळाशी होते. ओवीत मात्र ते कोरडेच होते.

विजेसाठी गावे बुडाली आणि पुढे विजेवरच पिठाच्या चक्क्या चालू लागल्या. मनगटे सुटली, हे खरेच सुख. पण जाते थांबले तशी ओवीही थांबली. सुदैवाने हेमा राईरकर व गी पॉत्वँ यांनी मुळशी-मावळात व इतरत्र खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. आजेसासूबाईंच्या ओव्या मात्र कोणी उतरवून घेतल्या नाहीत. त्या गेल्या, आणि ते गाव दुसऱ्यांदा बुडाले.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. मंडळाने एक जाड वही घालावी. आपल्या आळीत ज्या म्हाताऱ्या आहेत, त्यांच्या ओव्या येत्या हळदीकुंकवापासून त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्याव्यात. बाईचे नाव लिहावे व शेजारी तिच्या माहेरचे गावही लिहावे. एवढे तर आपण सातवी शिकलेल्यांनाही जमेल.