कर्जाची वही कोण वाचतो?

अब्बा डायमेकिंगचं काम करायचे. पोलादाच्या छोट्या ठोकळ्यावर उलटी नक्षी कोरायची, मग सोनार त्यावर पातळ पत्रा दाबून दागिना उठवतो. चिंचणी, तारापूर ते डहाणू या पट्ट्यात हे काम घराघरात चालतं. ओटीवर एक बाकडं, एक दिवा, छिन्न्यांचा डबा, एवढाच कारखाना.

मी नववीत असताना अब्बांना एक जुनं मशीन विकत घ्यायचं होतं. चाळीस हजार कमी पडत होते. ते एका बँकेत गेले. मीही सोबत होतो. साहेबांनी नीट बसवलं, चहाही विचारला. मग एकेक प्रश्न सुरू झाले. पगाराची स्लिप आहे? नाही. आयकर भरता? नाही. सातबारा? नाही. सरकारी नोकरीतला जामीनदार? तोही नाही. शेवटी साहेब म्हणाले, ‘‘चाचा, तुमचं काम चांगलंच असणार. पण मी फाइलला काय लावू?’’

त्या संध्याकाळी अम्मीच्या दोन बांगड्या सराफाकडे गहाण पडल्या. तशाच बांगड्यांचे साचे अब्बांनी शेकड्यांनी कोरले होते.

मराठीत ‘पत’ या एकाच शब्दात दोन अर्थ आहेत. समाजातला मान ही पत आणि उधारी मिळण्याची लायकी हीसुद्धा पतच. म्हणून तर ‘पतपेढी’ म्हणतात. अब्बांना गावात पहिली पत होती, बँकेत दुसरी नव्हती. या दोन्हींमध्ये एवढं अंतर कधी आणि कसं पडलं, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. उत्तर शोधताना मला आपल्याच गावापासून सुरुवात करावी लागली.

ताम्रपटातला मुहम्मद

विसाव्या शतकाच्या मध्यास चिंचणीत काही ताम्रपट सापडले. पुराभिलेखतज्ज्ञ दि. चं. सरकार यांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले. त्यातला एक शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926 चा आहे. तेव्हा राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याचं राज्य होतं. या पटात संजाण मंडळाच्या अधिकाऱ्याचं नाव येतं. ते आहे मुहम्मद, संस्कृतात ‘मधुमति’. तो ताजिक, म्हणजे अरब होता. इंद्राच्या आधीच्या कृष्ण दुसरा या राजाने त्याला हा मुलूख सोपवला होता.

या मुहम्मदाने काय केलं, तेही पटात लिहिलंय. दोन प्रवाहांवर फुकट नावा सुरू केल्या. अन्नछत्र काढलं, तिथे भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. एका ब्राह्मणाने देवीची मठी बांधली होती, तिच्या खर्चासाठी राजाच्या संमतीने जमीनही दिली. पुढे शिलाहारांच्या काळात, 1034 च्या पटात, याच भागातल्या प्रमुख लोकांमध्ये अल्लीय, महर, मधुमत अशी नावं येतात. अभ्यासक ती परदेशी वंशाच्या व्यापाऱ्यांची मानतात. अल्लीयमध्ये अली आणि मधुमतमध्ये मुहम्मद ऐकू येतो.

आपल्याकडे या पटाचा उल्लेख बहुतेक वेळा ‘बघा, तेव्हाही सलोखा होता’ एवढ्यासाठी होतो. ते खरंच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. समुद्रापलीकडून आलेल्या माणसाची ओळख तिथे त्याच्या कामावरून ठरली. त्याने दिलेला शब्द तांब्यावर कोरून गावात ठेवला गेला, कारण देणारा मेला, राजा बदलला, तरी घेणाऱ्याचा हक्क बुडू नये. थोडक्यात, तो कागद दुबळ्या बाजूच्या हातात होता.

कुरआनातली सर्वांत मोठी आयतही उधारीच्या व्यवहाराबद्दलच आहे, हे अनेकांना माहीत नसतं. सूरह बकराच्या त्या आयतीचा आशय असा: मुदतीचा व्यवहार असेल तर लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, आणि मजकूर कर्ज घेणाऱ्याने सांगावा. तो असमर्थ असेल तर त्याच्या वतीने दुसऱ्याने न्यायाने सांगावा. इथेही वही कर्जदाराच्या बाजूने लिहायला सांगितली आहे.

लग्नगडी

ताम्रपटानंतर हजार वर्षांनी याच डहाणू तालुक्यात वही पूर्ण उलट्या हातात गेली होती.

वारली तरुणाला लग्नासाठी पैसे लागत. ते सावकार किंवा जमीनदार देई. बदल्यात तो तरुण, आणि लग्नानंतर त्याची बायकोही, कर्ज फिटेपर्यंत त्याच्याकडे राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. कर्ज फिटलं की नाही हे सावकाराची वही सांगे आणि ती वाचता येणारा एकटा सावकारच असे. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की ‘खावटी’ घ्यावी लागे. सुगीला ती दिढी-दुपटीने परत जाई. मग पुढच्या पावसाळ्यात पुन्हा खावटी. वर वेठ वेगळीच. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सायमिंग्टन यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला, त्यातही ही गुलामी नोंदलेली आहे.

1945 च्या मे महिन्यात झरी इथे वारल्यांची परिषद झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे होते. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं ठरलं. गवत कापणीच्या हंगामात पाचशे पौंडांना अडीच रुपये मजुरी मागितली गेली. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्यात जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्यासोबतचे चार जण मारले गेले. गोदावरीबाईंनी ही सगळी हकिगत पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिली.

इथे एक गोष्ट आपण मुसलमानांनी प्रामाणिकपणे बोलायला हवी. या भागातल्या जमीनदार-सावकारांत हिंदू होते, पारशी होते आणि मुसलमानही होते. व्याज हराम मानणाऱ्या घरांतही वेठ चालत असेल, तर मग हराम-हलालचा हिशेब आपण कुठे मांडत होतो? व्याज न घेता कर्जाच्या बदल्यात माणूसच ठेवून घेणं हे व्याजापेक्षा कितीतरी जड आहे.

हे लिहिताना मला अब्बांची लाल वही आठवते. त्यांच्याकडे एक वारली मुलगा पॉलिशच्या कामाला होता. त्याने लग्नासाठी उचल घेतली होती आणि दर आठवड्याच्या मजुरीतून ती कापली जायची. अब्बांनी व्याज लावलं नाही, हे मला नक्की माहीत आहे. पण त्याला वाचता येत नव्हतं. मोठा झाल्यावर मी एकदा विचारलं, ‘‘अब्बा, त्याने कधी हिशेब पाहिला होता का?’’ अब्बा म्हणाले, ‘‘मी एक पैसाही जास्त घेतला नाही.’’ मी म्हटलं, ‘‘ते खरंय. पण त्याला कसं कळणार?’’ अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत.

सोसायटी आली, पण कुणासाठी?

सावकारीला उत्तर शोधायचे प्रयत्न सरकारनेही केले. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथून दख्खनचे दंगे सुरू झाले. शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं जाळली. माणसांपेक्षा त्यांचा राग कागदावर होता, हे लक्षात घ्या. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यामागची कल्पना सुंदर होती. गरिबाकडे तारण नसेल, पण शेजारी त्याला ओळखतात. शेजाऱ्यांनी एकमेकांची हमी घ्यावी आणि चारित्र्य हेच तारण मानावं.

प्रत्यक्षात सोसायटीचं कर्ज सातबाऱ्याला चिकटलं. कुळं, मजूर, मासेमार, कारागीर बाहेरच राहिले. गोरवाला समितीच्या 1954 च्या ग्रामीण पतपाहणी अहवालात दिसलं की, पन्नास वर्षं कायदा राबवूनही ग्रामीण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता. सिंहाचा वाटा सावकार-व्यापाऱ्यांचाच होता. 1969 मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याच वर्षी आमच्या शेजारी तारापूरची अणुवीज सुरू झाली. पुढे बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली, बँकांच्या शाखा आल्या. पण त्या शाखांच्या काउंटरवर पगाराची स्लिप असलेला माणूस आधी पोचला.

मुसलमानांच्या बाबतीत यात आणखी एक थर होता. 2006 च्या सच्चर अहवालाने नोंदवलं की, काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांचे भाग ‘नकारात्मक’ ठरवून ठेवले होते. म्हणजे माणूस न बघता पत्त्यावरूनच पत ठरत होती. हाच अनुभव आदिवासी पाड्याला येतो, दलित वस्तीला येतो, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय कामगारालाही येतो. हे दुःख आपलं एकट्याचं नाही.

बायकांनी मात्र यातून वाटा काढल्या. गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं करून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. साताऱ्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या बायका लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाचा हिशेब घाला, तोंडी करून दाखवतो. 1997 मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली.

बिनव्याजी वाट

मुस्लिम समाजानेही प्रयोग केले. देवबंदच्या मुस्लिम फंडाने 1961 पासून दागिने ठेवून घेऊन बिनव्याजी कर्ज दिलं. मुंबईत 1976 मध्ये ‘बैतुन्नस्र’ ही बिनव्याजी पतसंस्था निघाली. हजारो छोट्या लोकांनी तिथे पैसे ठेवले, कर्ज घेतलं, पण ती टिकली नाही. 2016 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत लोकमंगल बँकेने बिनव्याजी कर्जाची खिडकी उघडली, तेव्हा बातमी झाली होती. देशपातळीवर मात्र 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्लामिक बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं.

दुसरी बाजूही आहे. 2019 मध्ये बंगळुरूची ‘आयएमए’ कंपनी कोसळली. ‘हलाल नफा’ या दोन शब्दांवर विश्वास ठेवून हजारो मुस्लिम कुटुंबांनी बचत गमावली. बिनव्याजी म्हणजे बिनधोक नव्हे. दाढी, टोपी, मौलानांसोबतचा फोटो हे तारण नाही. हिशेब तपासलेला आहे का, नोंदणी कुठली आहे, हे विचारणं ईमानाच्या विरुद्ध नाही. ती आयत तरी दुसरं काय सांगते?

आज कुठे जायचं?

परवा मोहल्ल्यातल्या एका तरुणाने विचारलं, ‘‘भाई, स्लिप नाही, सिबिल नाही. फोनवर पाच मिनिटांत देतात, घेऊ का?’’ त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

पहिलं, दर वर्षाचा विचारा. सावकार ‘शेकडा पाच’ म्हणतो तो महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाला साठ टक्के. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणावर 9 आणि विनातारण 12 टक्के, इतरांकडून 15 आणि 18 टक्के एवढेच घेता येतात. परवाना नसलेली सावकारी गुन्हा आहे. दुसरं, ‘फ्लॅट’ दराला भुलू नका. दर महिन्याला मुद्दल फिटत असतानाही पूर्ण रकमेवर व्याज लावलं, तर वर्षभराच्या कर्जाचे 12 टक्के प्रत्यक्षात 21-22 टक्क्यांपर्यंत जातात.

तिसरं, नियम आपल्या बाजूनेही आहेत. 2022 पासून मायक्रोफायनान्सच्या कर्जाला तारण मागता येत नाही. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला ते मिळतं, आणि सगळे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. ॲपवरून घेतलेलं कर्ज थेट तुमच्या खात्यात आलं पाहिजे, आणि आधी अटींचं पत्रक मिळालं पाहिजे. ॲप तुमच्या फोनमधली नावं, फोटो मागत असेल, तर समजा तो तुमची इज्जतच गहाण ठेवतोय. लग्नगड्याचं शरीर ठेवून घेत, हे तुमची पत ठेवून घेतात.

चौथं, मुद्रा, फेरीवाल्यांसाठी स्वनिधी, मौलाना आझाद महामंडळ, बचत गट, मोहल्ल्याची भिशी, जमातीचा बैतुलमाल, यातलं जे जवळ असेल ते आधी बघा. आणि छोटं का होईना, पण आजपासून स्वतःची वही ठेवा. रोजचं येणं-जाणं खात्यातून जाऊ द्या. उद्या साहेब विचारतील, ‘फाइलला काय लावू?’ तेव्हा काहीतरी दाखवता येईल.

अम्मीच्या बांगड्या दोन वर्षांनी सुटल्या. मशीनही आलं. अब्बा आता थकलेत, बाकडं भावाने घेतलंय. त्याच्याकडे दोन मुलं कामाला आहेत, दोघांनीही उचल घेतलीय. त्यांचा हिशेब आता दोन वह्यांत असतो. एक भावाकडे, एक त्यांच्याकडे. दर शनिवारी आकडे मोठ्याने वाचून दोन्हीकडे सह्या होतात. हा नियम अब्बांनी घातला. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी तोंडाने कधीच दिलं नाही.