कागदावर न मावणारा फड्या निवडुंग

पंढरपूरहून टेंभुर्णीकडे निघालं की करकंब लागतं. उजनी धरणाच्या पाण्याने या भागात ऊस आला. त्याआधीच्या सोलापूरच्या कोरडवाहू गावांना मात्र फड्या निवडुंगाची कुंपणं असत. गुरं आत शिरत नसत. पोरं लाल बोंडं काठीने पाडून, बारीक कुसं मातीत घासून काढून ती खात. दुष्काळ पडला की काटे जाळून हेच फडे जनावरांपुढे टाकत.

इतकं गावचं झालेलं हे झाड परदेशी आहे. निवडुंगाच्या या कुळाचं मूळ घर अमेरिका खंडात. दख्खनमधल्या फड्या निवडुंगाला आज ओपुन्शिया एलाटिओर म्हणतात. हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिप मिलरने 1768 मध्ये दिलं, आणि ही जात मध्य अमेरिकेच्या दक्षिण भागापासून कोलंबिया-व्हेनेझुएलापर्यंत मूळची आहे.

पण आपल्याकडचा निवडुंग नेमका हाच, हे ठरायला फार वेळ लागला. थिओडोर कुकने 1901 ते 1908 दरम्यान मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा निवडुंगांची नावं गोंधळलेलीच होती. वनस्पतिशास्त्रज्ञ आयझॅक बर्किलने 1911 मध्ये भारतात रानटी झालेल्या निवडुंगांची ओळख नव्याने लावली. एलाटिओरचे काटे तपकिरी, तर दक्षिणेत पसरलेल्या ओपुन्शिया डिलेनी या दुसऱ्या जातीचे पिवळे. कुंपणाजवळ उभं राहिलं की हा फरक सहज दिसतो. वाळलेल्या नमुन्यावर तो शोधावा लागतो, आणि नमुनाच नसेल तर वाद मिटत नाही.

नमुने कमी का, याचं उत्तर झाडाच्या अंगातच आहे. गवताची काडी दोन कागदांत दाबली की काही दिवसांत वाळते. निवडुंगाचा फडा पाण्याने भरलेला. दाबात ठेवला तरी तो जिवंत राहतो, कधी कोंबही काढतो, नाहीतर कुजतो. म्हणून तो उभा चिरायचा, आतला गर खरवडायचा, कागद पुन्हापुन्हा बदलायचे. एवढं करूनही फुलाचा रंग उडतो आणि बोटांत कुसं राहतात ती वेगळीच. त्यामुळे जगभरच्या वनस्पती-संग्रहांत निवडुंग कमी भरतात. डोळ्यांसमोर सर्वांत जास्त असलेलं झाड कागदावर सर्वांत कमी, ही गोष्ट मनाला लागते.

आणि पुढे ते झाडच जाऊ लागलं; याची सुरुवात मात्र जुनी. लाल रंगासाठी 1795 मध्ये कॅप्टन नीलसनने रिओ दि जानेरोहून कोचिनीलचे किडे कलकत्त्याला आणले. रंग हलका निघाला, पण त्या किड्यांनी मोनॅकँथा हा दक्षिण अमेरिकी निवडुंग फस्त केला. एलाटिओर आणि डिलेनी त्यातून वाचले. 1926 मध्ये श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचा किडा दक्षिण भारतात आला. तो या दोघांवर जगतो. पुढच्या काळात कापसासारखे पांढरे पुंजके फड्यांवर दिसू लागले आणि कुंपणं कोसळली.

पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम मंडळ 1955 मध्ये सुरू झालं. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लाटर वनस्पती-संग्रह आहे. करकंबच्या बांधावर अजून एखादं निवडुंगाचं जाळं उरलं असेल, तर त्याचा नमुना अशा ठिकाणी जायला हवा. चिठ्ठीवर गाव, तारीख, जमिनीचा प्रकार, काट्यांचा रंग, आणि फूल ताजं असतानाच पाहून पाकळ्यांचा व केसरांचा रंग लिहावा. वाळल्यावर तो कळत नाही.