ॲप्रिसिटी: थंडीतलं ऊन

1623 साली हेन्री कॉकरमचा कठीण इंग्रजी शब्दांचा कोश निघाला. त्यातला एक शब्द माझ्या मनात घर करून बसलाय: ॲप्रिसिटी. अर्थ, हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. मूळ लॅटिन ‘ॲप्रिकस’, म्हणजे उन्हाने तापलेलं. त्याच मुळाचं क्रियापद ‘ॲप्रिकेट’: उन्हात शेकत बसणं. इंग्लंडच्या हिवाळ्यात आभाळ दिवसचे दिवस भरलेलं असतं. तिथल्याच बोलण्यात हा शब्द रुळू नये, याची हळहळ वाटते. त्या उबेला मराठीत असं एकशब्दी नाव मला सापडलेलं नाही. पण पौषात आजी ओसरीच्या कडेला पाठ उन्हाकडे करून शेंगा सोलत बसायची. ऊन सरकलं की सूपही सरकवायची. काय करतेस विचारलं की म्हणायची, ‘ऊन खातेय रे.’