३१ ऑक्टोबर : नागपूरचा नायडू, पुस्तकांतला नायडू

१८९५ मध्ये आजच्या दिवशी क्रिकेटपटू कोट्टारी कनकैय्या ऊर्फ सी. के. नायडू यांचा नागपुरात जन्म झाला. १९२३ मध्ये होळकरांनी इंदूरला नेले, तरी नागपूरकर त्यांना आपलेच मानतात. १९२६ मध्ये मुंबईत गिलिगनच्या नेतृत्वाखालील एमसीसी संघाला त्यांनी ११ षटकारांसह १५३ धावा दोन तासांच्या आत चोपल्या. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्यामागे ही खेळी होती, असे जाणकार सांगतात. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा छत्तिशीतले सी. के. कर्णधार होते. पुढच्याच वर्षी ‘विस्डेन’ने पाच सर्वोत्तम खेळाडूंत त्यांची निवड केली.

खेळावरच्या पुस्तकांचे म्हणाल, तर अमेरिकेत बेसबॉलवर कादंबऱ्यांपासून आठवणींपर्यंत कपाटे भरतील इतके लेखन झाले. सी. कें.च्या वाट्याला पुस्तके थोडी आली, पण ती जवळच्या माणसांची. १९३३ ची मुंबई जिमखान्यावरची कसोटी तेराव्या वर्षी पाहिलेले वसंत रायजी पुढे स्वतः प्रथम श्रेणी क्रिकेट खेळले, हिशेबतपासनीस झाले आणि त्यांनी नायडूंवर पुस्तक केले. त्यात भक्ती आहेच, ती लपवलेलीही नाही. १९९५ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, कन्या चंद्रा नायडू यांच्या आठवणी इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या. देशातल्या पहिल्या महिला समालोचकांपैकी त्या एक. त्यामुळे लेकीचा जिव्हाळा आणि मैदानाची जाण, दोन्ही त्यांच्याकडे होते.